शेवटची नोंद घरची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसात शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तरी वाचताना माझ्या तोंडाकडे बघणार नाही. मला तेवढंच जमतं. समोरासमोर मला काहीच जमत नाही.

खरं तर गोष्ट एका वाक्याची आहे. ते वाक्य आधी लिहून टाकायचं, असं ठरवून बसले होते. पण हात दुसरंच लिहायला लागला — मी कुठली, काम काय करते. हे टाळणंच आहे का? असेल. तरी ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी बारामतीची. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठीच, पण ती जपून बोललेली, कडेला इस्त्री मारल्यासारखी. लहानपणी पिंपळीला मावशीकडं गेले, की तिथल्या बायका माझं बोलणं ऐकायला जमायच्या. ‘आली बघा आमची बातम्या देणारी,’ म्हणायच्या आणि हसायच्या. त्यात वाईट काही नव्हतं, लाडच होता. पण मी बोलणं कमी केलं ते केलंच. आणि एक गोष्ट मला फार लवकर कळली — गप्प बसणारी मुलगी लोकांना हुशार वाटते. ती क्वचित बोलली, की ते खरंच असणार असं धरून चालतात. मला ही समजूत सोयीची होती. मी ती कधी दुरुस्त केली नाही.

आमचं ऑफिस छोटं आहे, एका दुकानाच्या वर. आम्ही वेबसाइट करतो — क्लासच्या, दवाखान्यांच्या, मंगल कार्यालयांच्या. त्यात एक काम आलं ते लासुर्ण्याच्या बाजूच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या गटाचं. गटाचा एक टेम्पो आहे. संध्याकाळी तो ठरलेल्या थांब्यांवरून भेंडी, गवार, दोडका असे भाजीचे क्रेट उचलतो आणि पुण्याच्या बाजारात नेतो. गाडीत जागा मोजकी. म्हणून दुपारी ज्यानं आपल्या फोनवरून जागेची नोंद केली असेल, त्याचेच क्रेट ड्रायव्हर चढवतो. ज्याचं नाव यादीत नाही, त्याचा माल थांब्यावरच राहतो. सकाळी तोडलेली भेंडी दुसऱ्या दिवशी कोण घेतं?

ते नोंदीचं पान मी तयार केलं होतं. आणि ते शिकवायला आमचे सर — ऑफिस त्यांचंच — मला लासुर्ण्याला घेऊन गेले, तेव्हा रंजनाताई भेटल्या.

गटातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांकडं साधे बटणांचे फोन. त्यांच्या नोंदी करायला कुणीतरी हवं होतं. गटाचे अध्यक्ष — सगळे त्यांना आबा म्हणतात — त्यांनी रंजनाताईंना ते काम दिलं. पस्तिशीच्या आसपास वय, दहावीपर्यंत शिक्षण, सासरी पालेभाजी आणि भेंडी. त्याआधी गावात त्यांना अमक्याची सून एवढीच ओळख होती. हे काम आल्यावर लोक त्यांना नावानं हाक मारायला लागले. हे त्यांनीच मला सांगितलं, उलट्या क्रेटवर बसून, जरा लाजत. मी त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, तरी त्या मला ‘मॅडम’ म्हणायच्या. मी नको म्हणाले नाही.

एक सवय मी त्या दिवशीच पाहिली. त्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नोंदी करत, एकामागून एक, आणि घरची सगळ्यात शेवटी. मी विचारलं, असं का. त्या म्हणाल्या, “आधी लोकाची, मग घरची. आपली पैली भरली आन मागनं जागा संपली, तर तोंड कुणाला दावू?”

हे वाक्य मला माहीत होतं. हे लक्षात असू द्या — मला माहीत होतं.

आता माझी चूक. ती जरा समजावून सांगावी लागेल.

वेबसाइटच्या पानावर एखादा फॉर्म उघडतो, बंद होतो. आम्ही जी साधनं वापरतो, त्यांत अशा फॉर्मला एक छोटं काम जोडून देता येतं. फॉर्म पानावर आला की काम सुरू, फॉर्म पानावरून गेला की काम बंद. हे एकदा नीट लिहिलं, की कुठल्याही फॉर्मला, यादीला, चित्राला तेच जोडता येतं. पुन्हा लिहावं लागत नाही. शेतातल्या मोटारीला ‘ऑटो’ बसवतात ना, लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा — तोच ऑटो कुठल्याही विहिरीवर बसतो, तसं.

नोंदीच्या फॉर्मला मी असंच एक काम दिलं होतं. फॉर्म उघडला की त्या शेतकऱ्यासाठी गाडीतली जागा तात्पुरती धरून ठेवली जायची. मध्येच विचार बदलला आणि फॉर्मच्या बाहेर कुठंही बोट लावलं, की फॉर्म बंद आणि जागा मोकळी. साधी गोष्ट. आधी मी ती त्या एका फॉर्मपुरती लिहिली होती आणि ती बरोबर चालत होती. मग मला वाटलं, हे वेगळं काढावं. असं लिहावं, की कशालाही जोडता येईल. मी ते केलं. लहान, नेटकं झालं. सरांनी सगळ्यांना माझ्या टेबलापाशी बोलावलं आणि म्हणाले, असं लिहायचं असतं. मला मान वर करता येईना, इतकं बरं वाटत होतं.

पण वेगळं काढताना मी सुरू होण्याचा भाग उचलला आणि बंद होण्याचा भाग उचलायचा राहिला.

म्हणजे काय झालं? नोंद पक्की झाली, फॉर्म पानावरून गेला — पण त्याला जोडलेलं काम मागं जिवंतच राहिलं. आणि फॉर्मच उरला नाही म्हटल्यावर पानावर कुठंही बोट लागलं, तरी ते त्याच्या लेखी ‘बाहेर’च. मग ते इमानानं आपलं काम करायचं. जागा सोडून द्यायचं. पक्की झालेली नोंदसुद्धा.

तपासताना मला हे दिसलं नाही, कारण मी एकेक नोंद करून पाहिली आणि ती आली की नाही ते ऑफिसच्या दुसऱ्या मशीनवर बघितलं. त्याच पानाला पुन्हा हात लावलाच नाही. ज्यांची एकच नोंद असायची ते शेतकरीही तसंच करत — नोंद केली, हिरवी खूण दिसली, फोन खिशात. काहींचं बोट चुकून पानाला पुन्हा लागलं आणि नोंदी गेल्या, पण ते रेंजला शिव्या देऊन गप्प बसले.

रंजनाताई मात्र एकामागून एक नोंदी करत. दुसऱ्या माणसाची नोंद करायला त्यांनी बोट लावलं, की पहिल्याची रद्द. तिसऱ्याची करायला लावलं, की दुसऱ्याची रद्द. राहायची फक्त शेवटची. आणि शेवटची कुणाची असायची, हे तुम्हाला ठाऊक आहे.

ते वेगळं काढलेलं काम जोडून नवं पान चालू झालं त्याच संध्याकाळी टेम्पो त्यांच्या थांब्यावर आला, रंजनाताईंच्या घरचे क्रेट चढवले आणि बाकीच्यांची नावं नाहीत म्हणून निघून गेला. एकदा झालं, लोकांनी चूक म्हणून सोडून दिलं. पुढच्या खेपेलाही तेच झालं. नोंदींसमोर ‘रद्द’ असं दिसत होतं, आणि रद्द करणाऱ्याचं नाव होतं रंजना.

आबांचा सरांना फोन आला. सरांनी मला बघायला सांगितलं. मी बघितलं. फार वेळ लागला नाही हो. जी ओळ नव्हती ती कुठं असायला हवी होती, हे मला लगेच दिसलं — आपल्याच घरात आपण कुठं काय ठेवलंय ते दिसतं तसं. मी ती ओळ लिहिली आणि दुरुस्त पान चालू केलं. कुणाला काही बोलले नाही. सर आले, विचारलं, आपल्याकडून काही नाही ना? मी म्हणाले, चेक केलं, ओके आहे. ‘आता’ हा शब्द मी गाळला.

तेव्हा काय वाटत होतं, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. नोकरी जाईल अशी भीती होती का? नव्हती. सर रागावले असते आणि विसरले असते. मला भीती होती ती त्या दुपारची, जेव्हा सगळे माझ्या टेबलाभोवती उभे होते. ती दुपार परत घेतली जाईल, याची. इतकी क्षुल्लक गोष्ट. मोठी असती, तर लिहायला तरी बरी वाटली असती.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. गटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं माल निवडतात तिथं. सरांच्या गाडीतून जाताना मी ठरवत होते, पोचल्यावर सरांना बाजूला घेऊन सांगू. मग ठरवलं, आबांना सांगू. मग ठरवलं, कुणी विचारलं तर सांगू.

नामदेवतात्या म्हणून एक म्हातारे होते. बांधाला बांध लागून रंजनाताईंचे शेजारी. दोन्ही खेपांना त्यांचीही भेंडी राहिली होती. ते उभे राहिले.

“हिच्या घरचे क्रेट गेले, आन माझी भेंडी तितंच पडली. मी टेम्पोला हात करतोय, आन तो डायवर मला सांगतोय, तुमचं नाव न्हाय. माझ्याच म्होरं हिचे क्रेट चढवले त्यानं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बरोबर हाय की तात्या. घरचाच टेम्पो झालाय त्यांचा.”

हसणं झालं. फार नाही, थोडंच. रंजनाताई शेडच्या खांबाला धरून उभ्या होत्या. पदर खांद्यावरून पुढं घेतलेला.

“मी सगळ्यांची भरली हुती,” त्या म्हणाल्या. “हिरवी खूण बगितली मी. तात्या, तुमची पैली भरली.”

“मग गेली कुठं?”

रंजनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — वर्गात गुरुजींनी उभं केलेली मुलगी पाठीराखिणीकडं बघते ना, तसं. त्यांना वाटलं असणार, आता मॅडम बोलतील.

आबा म्हणाले, “मॅडम, तुमी सांगा. तुमी बनवलंय ते. आसं आपोआप रद्द हुतं का?”

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, आणि मला माहीत होतं की मी जे म्हणेन ते खरं मानलं जाईल. मी कमी बोलते म्हणून. बारामतीहून आलेय म्हणून. माझ्या मराठीत त्यांच्या मराठीची माती नाही म्हणून.

मी म्हणाले, “आपोआप नाही होत. रद्द त्यांच्याच फोनवरून झालंय.”

हेच ते वाक्य.

बघा, त्यात एकही शब्द खोटा नाही. फोन त्यांचाच होता. बोट त्यांचंच होतं. शब्द मी फार जपून निवडले होते, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. घाबरून माणूस काहीतरी बरळतो, ते वेगळं. मी घाबरले होते, पण बरळले नाही.

रंजनाताईंनी खांब सोडला. एवढंच. माझ्याकडं पुन्हा पाहिलंही नाही. आबा म्हणाले, पोरीकडनं चुकून झालं आसंल, पण आता दुसऱ्याकडं देऊ काम. ते तसे भले माणूस. ‘चुकून’ हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला, आणि शेडमधल्या कुणालाही तो खरा वाटला नाही.

काम दुसऱ्या एका बाईकडं गेलं. तिच्या हातून नोंदी नीट झाल्या. होणारच होत्या — पान मी दुरुस्त केलेलं होतं. पण लोकांना काय दिसलं? बाई बदलली आणि घोटाळा थांबला. रंजनाताईंवरचा जो संशय होता, तो माझ्या दुरुस्तीच्या त्या एका ओळीनं पक्का करून टाकला. हा विचार मला नंतर आला. बैठकीच्या आधी आला असता, तर मी बोलले असते का? मला खरंच माहीत नाही, आणि ‘हो’ असं लिहायची हिंमत नाही.

पुढचं मला ड्रायव्हरकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. तो कधी बिघाड सांगायला ऑफिसला येई. तात्यांनी शेजारी असून बोलणं टाकलं. नळावर बायका म्हणायच्या, बाई गं, हिच्या हातात काही देऊ नका, आधी घरचं भरंल. सासूनं घरात ऐकवलं — घरच्यांचे क्रेट गेले म्हणून नाही, घराण्याचं नाव गेलं म्हणून. ड्रायव्हर हे हसत सांगायचा. त्याला ती गंमतच वाटत होती. मी मान खाली घालून की-बोर्डवर काहीतरी टाइप करत राहायचे.

ते जोडायचं काम — त्यातली राहिलेली ओळ घातलेलं — आम्ही अजून वापरतो. दवाखान्याच्या पानावर आहे, मंगल कार्यालयाच्या पानावर आहे. नवीन मुलं येतात, त्यांना सर तेच उदाहरण दाखवतात. छान चालतं.

इथं थांबले असते, तर ही एका भित्र्या मुलीची चूक म्हणून खपली असती. पण अजून एक आहे.

वर्ष उलटून गेलं होतं. एका पेरूवाल्या शेतकऱ्याच्या कामासाठी मी इंदापूरला गेले होते. दुपारी परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर बसले, तर कुणीतरी खांद्याला हात लावला. “वळखलं का मॅडम?”

रंजनाताई. वाळल्या होत्या. हाताच्या बोटांना काळपट डाग — हल्ली इंदापूरच्या बाजूला एका बागेत पेरूला पिशव्या घालायच्या कामाला येतात, म्हणाल्या. मी उठून उभी राहिले. त्यांनी मला बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, आईची चौकशी केली. मी लग्न केलं का, विचारलं. माझ्या तोंडून हो-नाहीच्या पुढं काही निघेना. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, फोन नवीन घेतला का.

त्या हसल्या. पिशवीतून बटणांचा फोन काढून दाखवला. मोठा फोन मुलीला अभ्यासाला दिला, म्हणाल्या.

“आन मला नगच तो. माझ्या बोटाचा मलाच भरवसा न्हाय राहिला.”

मग स्टँडवरच्या गाड्यांकडं बघत त्या बोलल्या. आवाज खाली होता, पण रडका नव्हता. त्या म्हणाल्या की सुरुवातीला त्यांना वाटायचं, मशीननंच केलं असणार. कितीतरी दिवस घरात सगळ्यांशी त्यावरून भांडल्या. मग हळूहळू वाटायला लागलं, की आपल्याच अंगठ्याखाली काही दाबलं जात असेल. आपल्याला कळत नसेल. शिकलेलं थोडंच आहे.

“तुमी म्हनला न्हवं का, माझ्याच फोनवरनं झालंय. तुमाला काय गरज खोटं बोलायची? मग मी मानलं. तात्यांच्या पाया पडून आले. म्हनलं, माझ्याकडनंच झालं, माफी करा.” त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. “व्हय ना वं मॅडम? माझ्याकडनंच झालं आसंल ना?”

तिथं आबा नव्हते. सर नव्हते. शेड नव्हतं, टेबलाभोवती जमलेली माणसं नव्हती. मला कुणी काही करणार नव्हतं. ती बाई मला विचारत होती, आणि ती आधीच हात जोडून आली होती, माझ्या जागी, माझ्या चुकीसाठी, एका म्हाताऱ्याच्या पायाशी.

मी म्हणाले, “होतं असं कधीकधी.”

“तेच,” त्या म्हणाल्या. त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. बारामतीची गाडी लागली, तेव्हा माझी पिशवी त्यांनीच उचलून दिली. मी खिडकीपाशी बसले. त्यांनी हात केला, मीही केला.

त्यांनी एकही नोंद रद्द केली नव्हती. तात्यांची पहिली भरली होती, हे त्यांनी सांगितलं तसंच होतं. चूक माझी होती. बैठकीला जाण्याआधी मला ती माहीत होती, आणि इंदापूरच्या स्टँडवरही माहीत होती.